निवेदकाचा भरवसा नेमका कुठे सुटतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कथा प्रथमपुरुषी आहे आणि सांगणारा 'मी' वाचकापासून काहीतरी लपवतो आहे. भावाला अपघात झाला त्या दिवशी आपण गावात नव्हतो, असे तो दुसऱ्या पानावर म्हणतो. शेवटच्या पानावर उघड होते की तो गावातच होता. हस्तलिखित दोघांनी वाचले. एकाने दुसऱ्या पानावरच्या वाक्याशी 'विसंगती, तपासा' अशी खूण केली, तर दुसऱ्याने शेवटी फसवल्यासारखे वाटले असे सांगितले. मग निवेदक अविश्वासार्ह ठरतो तो नेमका कशामुळे, आणि तो तसा आहे हे वाचकाला कळावे कसे?

मी स्वतः कथा लिहितो, आणि बरीच वर्षे दिवाळी अंकांसाठी इतरांच्या कथा वाचून निवडण्याचे कामही करतो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो: तुमचे दोन्ही वाचक बरोबर आहेत. खोटे बोलणारा निवेदक आणि अविश्वासार्ह निवेदक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या कथेत सध्या फक्त पहिली आहे.

प्रथमपुरुषी कथेत वाचकाकडे निवेदकाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. त्याने पाऊस पडत होता म्हटले की पाऊस पडत असतो. तो गावात नव्हता म्हणाला की तो गावात नसतो, कारण त्याचे म्हणणे ताडून पाहायला कथेबाहेर कुठे जाता येत नाही. म्हणून निवेदकाच्या तोंडी खोटे विधान घातल्याने तो अविश्वासार्ह होत नाही. ते विधान कथेपुरते खरेच होऊन बसते, आणि पुढे उलट विधान आले की ती चूक तरी वाटते किंवा लबाडी तरी, आणि दोन्हींचा दोष निवेदकाकडे न जाता लेखकाकडे जातो. भरवसा सुटतो तो दुसऱ्याच कारणाने. निवेदकाच्याच तोंडून, त्याच्याही नकळत, असा काही पुरावा वाचकाच्या हाती लागतो ज्याचा अर्थ निवेदक एक लावतो आणि वाचक दुसरा. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते चांदणे चोराच्या बोलण्यात सांडलेले दिसले पाहिजे, आणि ते सांडते आहे हे चोराला स्वतःला कळता कामा नये.

जाता जाता एक शब्दाविषयी. समीक्षेत 'अविश्वसनीय निवेदक' असेही लिहिले जाते, पण 'अविश्वसनीय' हा शब्द आता क्रिकेटच्या समालोचनाने इतका वापरला आहे की त्यातून दोषापेक्षा कौतुकच ऐकू येते. मी लिहिताना 'अविश्वासार्ह' वापरतो आणि बोलताना 'बेभरवशाचा' म्हणतो, कारण बेभरवशाचा माणूस खोटारडाच असतो असे नाही, हे त्या शब्दात आधीच आलेले आहे.

ही संज्ञा रूढ झाली ती अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांच्या 1961 सालच्या 'द रेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथामुळे. बूथ यांची मांडणी अशी की संहिता वाचताना प्रत्यक्ष लेखकाहून वेगळी, पण त्या लेखनातून जाणवणारी एक गर्भित लेखकाची जाणीव वाचकाच्या मनात तयार होते, आणि निवेदकाची मूल्ये त्या जाणिवेशी जुळत नाहीत तेव्हा तो अविश्वासार्ह ठरतो. पुढे जेम्स फेलन यांनी हे अधिक बारकाईने उलगडले: निवेदक घडलेले सांगतो, त्याचा अर्थ लावतो आणि त्याचे मोल ठरवतो, आणि या तिन्ही कामांत तो स्वतंत्रपणे चुकू शकतो. काय घडले ते बरोबर सांगूनही तो त्याचा अर्थ चुकीचा लावू शकतो. अर्थ अचूक लावूनही त्यातले योग्य काय नि अयोग्य काय हे त्याला कळत नसते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा सिद्धांतातला सर्वांत उपयोगी भाग आहे. नवोदित लेखक जवळजवळ नेहमी पहिल्याच जागी, म्हणजे घटनांमध्ये, खोटे घालतो. ती तिन्हींतली सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी फळ देणारी जागा आहे. खरी श्रीमंती दुसरीत आणि तिसरीत आहे.

हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून एक तुकडा येथेच रचून दाखवतो. सांगणारा साठीचा थोरला मुलगा आहे.

"आई शेवटची चार वर्षं माझ्याकडेच होती. धाकट्याने कधी साधी चौकशीसुद्धा केली नाही. तिला आम्ही मागची खोली दिली होती. आधी तिथे धान्याचे डबे असायचे, पण वारा छान येतो. फोन मात्र मी दिवाणखान्यातच ठेवायला लावला. रविवार आला की वाजून वाजून डोकं उठायचं, आणि मग आई दिवसभर जेवायची नाही. त्या वयात मनाला त्रास नको."

या सात-आठ वाक्यांत हा माणूस कोर्टात शपथेवर सांगणार नाही असे एकही वाक्य नाही. धाकट्याने चौकशी केली नाही हेही त्याच्या हिशेबी खरेच आहे, कारण धाकटा आईशी बोलू पाहत होता, त्याच्याशी नव्हे. पण रविवारी फोन कोणाचा येत होता हे तो सांगत नाही, आणि न सांगताच सांगून जातो. आई जेवत नसे हे तो पाहतो. ते फोन आल्यामुळे की फोन न मिळाल्यामुळे, हा प्रश्न त्याला पडत नाही, वाचकाला पडतो. खोलीतल्या वाऱ्याचे कौतुक करण्याची गरज त्याला का वाटली असावी, हेही वाचकच विचारतो. आता याच तुकड्याच्या शेवटी "खरं तर तो दर रविवारी फोन करायचा आणि मी तिला देत नसे" असे एक वाक्य जोडून पाहा. सगळे कोसळते. तो आता कबुली देणारा, म्हणजे पूर्ण भरवशाचा माणूस झाला, आणि वाचकाला करायला काही काम उरले नाही.

या तुकड्यात मराठी भाषेने जे काम केले आहे त्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आपल्या हाती असलेले हे साधन आपण फारसे वापरत नाही. खोली 'आम्ही' दिली, आई मात्र 'माझ्याकडे' होती. श्रेय एकवचनात आणि दोष अनेकवचनात ही विभागणी कोणत्याही घरातल्या बोलण्यात ऐकू येते. याहून मोठी सोय आपल्या क्रियापदांत आहे. 'मी कप फोडला', 'माझ्या हातून कप फुटला' आणि 'कप फुटला' ही तीन वाक्ये एकाच घटनेची असू शकतात, आणि पहिल्याकडून तिसऱ्याकडे जाताना माणूस वाक्यातून नाहीसा होत जातो. 'मी तिच्यावर हात उचलला' असे म्हणणारा आणि 'त्या दिवशी हात उचलला गेला' असे म्हणणारा हे दोन वेगळे निवेदक आहेत. 'मी रागावलो' आणि 'मला राग आला' यांतही तेच आहे. दुसऱ्यात राग पाहुण्यासारखा बाहेरून येतो. शिवाय 'म्हणे' आहे. "धाकटा दर रविवारी फोन करायचा म्हणे" एवढे म्हटले की ऐकलेली आणि स्वतः पाहिलेली गोष्ट यांतली सीमा पुसता येते, आणि जो फोन याच्याच दिवाणखान्यात वाजत होता त्याच्यापुढे त्याने 'म्हणे' लावले तर तो तिथेच पकडला जातो.

मात्र हे एखाद्या वाक्यात करून भागत नाही. निवेदकाच्या हातून झालेली सर्व चांगली कामे 'मी केले' या रूपात आणि सर्व वाईट कामे 'झाले', 'घडले', 'राहून गेले' या रूपात येत असतील, तर दहाएक पानांत वाचकाच्या कानाला ती चाल ओळखीची होते, जरी त्याला ती शब्दांत सांगता आली नाही. मग एखाद्या ठिकाणी तुम्ही ती मोडता, म्हणजे निवेदक बेसावध क्षणी 'मी दार लावून घेतले' असे म्हणून जातो, आणि वाचक दचकतो. तो दचकणे हा परिणाम आहे. त्यासाठी कोणतेही रहस्य उघड करावे लागत नाही.

आता लपवण्याकडे वळू, कारण तुमच्या कथेची अडचण मुख्यतः तीच आहे. या बाबतीत अगाथा ख्रिस्ती यांच्या 1926 सालच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' या कादंबरीइतका उघडा धडा दुसरा नाही. (ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, पुढे काही अडत नाही.) कथा सांगणारा डॉक्टर शेपर्ड हाच खुनी आहे. तरीही खुनाच्या रात्रीविषयी त्याने लिहिलेली वाक्ये खोटी नाहीत. पत्र आत आणून दिले तेव्हा नऊला वीस मिनिटे कमी होती, असे तो सांगतो. आपण अ‍ॅक्रॉइडच्या खोलीतून निघालो तेव्हा नऊला दहा कमी होती आणि पत्र तसेच न वाचलेले होते, असेही सांगतो. मधली दहा मिनिटे तो सोडून देतो. शेवटी स्वतःच्या या लिखाणाकडे बोट दाखवून तो जवळजवळ फुशारकी मारतो, आणि त्या दोन वाक्यांच्या मध्ये आपण फुल्यांची एक ओळ टाकली असती तर कोणाला शंका आली असती का, असे विचारतो. या युक्तीवर तेव्हा बराच वाद झाला, आणि ही वाचकाची फसवणूक आहे असे म्हणणारेही होते. माझे मत असे की ती फसवणूक नाही, कारण वाचकाने परत जाऊन पाहिले तर घड्याळ तिथेच आहे. घटना लपवायचीच असेल तर ती खोट्या वाक्याने झाकू नये, खऱ्या वाक्यांमधल्या फटीत ठेवावी. मग दुसऱ्या वाचनात तीच वाक्ये वेगळी दिसतात, आणि तुमची कथा दुसऱ्यांदा वाचावीशी वाटते की नाही, हीच या प्रकारच्या लेखनाची कसोटी आहे.

तरीही मला स्वतःला शेपर्डपेक्षा स्टीव्हन्स मोठा वाटतो. काझुओ इशिगुरो यांच्या 1989 सालच्या 'द रिमेन्स ऑफ द डे' मधला हा इंग्लिश बटलर कोणाचा खून करत नाही की काही चोरत नाही. 1923 साली त्याच्या मालकाच्या घरी मोठी परिषद भरलेली असते आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर त्याचे वडील मरतात. स्टीव्हन्स खाली पाहुण्यांची सरबराई करत राहतो. आपल्याला दुःख झाले असे तो सांगत नाही. पण त्याचे मालक लॉर्ड डार्लिंग्टन त्याला विचारतात की तू ठीक आहेस ना, तू रडत असल्यासारखा दिसतोस; आणि तो क्षमा मागून दिवसभराच्या दगदगीचे कारण देतो. अश्रूंची बातमी वाचकाला दुसऱ्याच्या संवादातून मिळते, आणि तो संवाद इमानेइतबारे नोंदवणारा स्टीव्हन्सच असतो. त्याहून भेदक भाग पुढे आहे. ती संध्याकाळ आठवताना त्याला आपल्या कर्तव्याविषयी एक प्रकारची विजयाची भावना वाटते. घटना बरोबर, नोंदी बरोबर, आणि मोल ठरवण्यात मात्र एक अख्खे आयुष्य चुकलेले.

येथून तंत्राचा एक साधा नियम हाती लागतो. आपल्या बेभरवशाच्या निवेदकाला चांगले कान द्यावेत. दुसरी माणसे काय बोलली हे त्याने अचूक सांगावे, चुकावे ते त्यावरच्या भाष्यात. निवेदक इतरांचे संवादही वाकवू लागला तर वाचकाला उभे राहायला जमीन उरत नाही. आणि संपूर्ण अविश्वास हा संपूर्ण विश्वासाइतकाच सपाट असतो. याच कारणाने निवेदकाला शेवटी वेडा ठरवणे, किंवा ते सगळे स्वप्न होते असे सांगणे, मला मान्य होत नाही. निवडीसाठी आलेल्या कथांत असा शेवट दिसला की मी पहिली पाने पुन्हा उघडतो; तिथे त्या शेवटाची एकही चाहूल नसेल तर ती कथा परत जाते.

दुसरा प्रश्न हेतूचा. निवेदक भरकटतो तो का? सर्वांना सुचणारे उत्तर म्हणजे शिक्षा टाळण्यासाठी. र्‍युनोसुके अकुतागावा यांच्या 1922 सालच्या 'वनात' या जपानी कथेने हे उत्तर कायमचे मोडून ठेवले आहे. एका माणसाचा मृत्यू आणि त्याविषयीच्या जबान्या, एवढीच ती कथा. दरोडेखोर म्हणतो मी मारले, बायको म्हणते मी मारले, आणि मांत्रिकेच्या तोंडून बोलणारा मृत नवरा म्हणतो मी स्वतःला संपवले. तिघेही मृत्यूचे कर्तेपण स्वतःकडे घेतात. कोणीही सुटू पाहत नाही. प्रत्येकाला स्वतःची एक प्रतिमा वाचवायची आहे, आणि तिच्यापुढे फाशीसुद्धा स्वस्त आहे. अकिरा कुरोसावा यांनी 1950 साली 'राशोमोन' चित्रपट केला तेव्हा लाकूडतोड्याची आणखी एक हकिकत जोडली, आणि तोही धुतल्या तांदळासारखा निघत नाही. तुमच्या निवेदकासाठी म्हणूनच हे विचारून पाहा: तो कशाला घाबरतो हे बाजूला ठेवू, पण आरशात त्याला कोण दिसायला हवे आहे?

मराठीतल्या उदाहरणांबाबत थोडी सावधगिरी बाळगावी लागते, कारण प्रथमपुरुषी कादंबरी दिसली की तिला हे बिरुद लावण्याची घाई होते. हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' मधली यमू आपल्या लहानपणाविषयी सांगते तेव्हा वडीलधाऱ्यांच्या वागण्यातले जे त्या मुलीला उमगत नाही ते वाचकाला उमगते. ही जागा अविश्वासार्हतेच्या फार जवळची आहे. पण सांगणारी यमू मोठी झालेली, वैधव्य भोगलेली आहे, आणि तिच्या मूल्यांवर आपण शंका घ्यावी असे हरिभाऊंना मुळीच वाटत नाही. ती अजाण होती, बेभरवशाची नव्हे. वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति'मध्ये (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने सांगतात. रचना अशी की एकाचे निवेदन दुसऱ्याला खोटे पाडू शकले असते, आणि ययातीसारखा स्वतःच्या वासनेला तत्त्वज्ञानाचे पांघरूण घालणारा निवेदक तर हाताशी होताच. पण तिघांची भाषा एकाच अलंकारपेटीतून निघालेली आहे, त्यामुळे तीन माणसांच्या मागे एकच आवाज ऐकू येतो आणि त्या आवाजावर आपला विश्वास कायम राहतो. निवेदक अनेक असणे आणि निवेदक बेभरवशाचा असणे यांत अंतर आहे, ते असे.

'कोसला'बद्दल (1963) मला नेहमी विचारतात. पांडुरंग सांगवीकर अतिशयोक्ती करतो, टर उडवतो, प्रत्येक गोष्टीला 'वगैरे' लावतो. पण तो वाचकाशी खोटे वागत नाही. त्याचा अविश्वास भाषेवर आणि मोठ्या शब्दांवर आहे. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या भागात त्याचा हा बचाव अपुरा पडतो, आणि त्याने आतापर्यंत 'वगैरे'मागे काय काय ढकलले होते हे तिथे लक्षात येते. त्याला अविश्वासार्ह म्हणण्यापेक्षा अंगावर चिलखत घालून बोलणारा निवेदक म्हणावे. हे वर्गीकरण सगळ्यांना पटेल असे नाही.

माझी स्वतःची पहिली अशी कथा एका संपादकांनी परत पाठवली होती. तिच्यात एक सावकार बोलत होता आणि मी त्याला इतका दुष्ट केला होता की वाचकाला पहिल्या ओळीतच सर्व कळावे. संपादकांनी एकच ओळ लिहिली होती: हा माणूस कोणाशी बोलतो आहे? मला उत्तर देता आले नाही. पुढे ध्यानात आले की बेभरवशाचे निवेदन नेहमी कोणाला तरी उद्देशून असते. वकिलाला सांगणारा, जावयाला सांगणारा आणि रात्री झोप येत नाही म्हणून स्वतःलाच सांगणारा, हे तिघे वेगवेगळ्या जागी अडखळतात. 'तुम्हीच सांगा', 'बरं का', 'तसं काही नव्हतंच' ही पालुपदे ऐकणाऱ्याशिवाय जन्माला येत नाहीत. तो सावकार मी पुढे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी मागायला आलेल्यांसमोर बसवला, तेव्हा तो आपोआप गोड बोलू लागला आणि त्या गोडव्यातूनच त्याचे व्याजाचे दर बाहेर आले.

तेव्हा तुमच्या कथेत करायचे काम फार मोठे नाही. 'मी त्या दिवशी गावात नव्हतो' हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी, अपघाताची बातमी आपल्याला फोनवर कशी कळली हे त्याने सविस्तर सांगू द्या: कोणाचा फोन होता, हातातले काम कसे टाकले, जिना कसा उतरला. त्यात कोठेही गावाचे नाव घेऊ नका. मग तीन-चार पानांनी, अगदी वेगळ्याच संदर्भात, त्या दिवशी बाजारपेठेतली दुकाने दुपारीच कशी बंद झाली होती आणि नाक्यावरचा चहावाला बादलीने रस्ता धूत होता, हे त्याला सहज बोलून जाऊ द्या. बाहेरगावी असलेल्या माणसाला तो ओला रस्ता दिसणे शक्य नाही. त्यावर एक शब्दही बोलू नका, आणि शेवटच्या पानावरची कबुली खोडून टाका. तुमच्या पहिल्या वाचकाला पुन्हा हस्तलिखित द्या. या वेळी त्याची खूण चहावाल्याच्या वाक्याशी आली आणि 'तपासा'ऐवजी नुसते प्रश्नचिन्ह दिसले, तर पुढे काही बदलू नका.